एकाच अंगणात म्हातारं होण्याआधी

हे सावकाश वाचा. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, कागद बाजूला ठेवा, मग पुन्हा घ्या. दुपारच्या चहाआधीची वेळ याला चांगली.

‘म्हातारपणी एकत्र राहू या’ असं ज्यांच्याशी कधीतरी बोलला आहात, ती माणसं आधी डोळ्यांपुढे आणा. बहुतेकदा हा विषय सहलीत, रात्रीची जेवणं झाल्यावर निघतो. एक मोठी जागा घेऊ, प्रत्येकाचं छोटं घर, स्वयंपाकघर एकच, मध्ये अंगण. कुणी मुळशी म्हणतं, कुणी वाई, कुणी दापोली. मुलं बंगळूरला नाहीतर न्यू जर्सीला. त्यांच्यावर भार टाकायचा नाही, हेही त्याच बैठकीत ठरतं. ही इच्छा खरी आहे. ज्यांना आपल्याबद्दल काही नव्याने सांगावं लागत नाही, अशा माणसांजवळ शेवटची वर्षं जावीत, याहून शहाणी इच्छा मला माहीत नाही. म्हणून ती नुसत्या गप्पांवर सोडू नये.

आता एकेकाचा चेहरा पाहा. आजचा नको, आणखी पंधरा-अठरा वर्षांनंतरचा. ट्रेकला सगळ्यांची सॅक उचलणारा. रात्रीबेरात्री गाडी चालवणारा. खर्चाचा हिशेब चोख ठेवणारी. सगळे एकाच वर्गातले, म्हणजे सगळे एकाच सुमाराला अठ्ठ्याहत्तरचे होणार आहेत. रात्री दोन वाजता त्यांतला एक जण न्हाणीघरात पडला आहे. शेजारच्या घरातून धावत कोण येईल? त्याचे गुडघे कसे असतील?

हा प्रश्न मनात जरा राहू द्या. लगेच उत्तर शोधू नका.

लंडनच्या उत्तरेला हाय बार्नेट भागात ‘न्यू ग्राउंड’ नावाची वसाहत आहे. पन्नाशीपुढच्या स्त्रियांनी स्वतःसाठी उभी केलेली, 25 घरांची. तिचा विचार 1998 मध्ये सुरू झाला आणि राहायला जायला 2016 उजाडलं. अठरा वर्षं! जागा, पैसा, परवानग्या, सगळ्यांत वेळ गेला. पण मी या वसाहतीचा पुन्हा पुन्हा विचार करते तो दुसऱ्याच दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे तिथे वयं मुद्दाम वेगवेगळी ठेवली आहेत. पन्नाशीतलीही आहे आणि ऐंशीच्या पुढचीही. दुसरी गोष्ट त्यांनी राहायला जाण्याआधीच स्पष्ट केली: एकमेकींवर लक्ष ठेवायचं, पण एकमेकींची शुश्रूषा करायची नाही. त्यासाठी नेमलेली माणसं येतील.

हे आपल्याला कोरडं वाटेल. मला ते मैत्रीच्या बाजूचं वाटतं. मित्राचा डायपर बदलायची वेळ आली तर आपण तो बदलूही. एकदा, दहादा. पण रोज, दोन वर्षं, स्वतःचा रक्तदाब सांभाळत? त्यातून जो थकवा येतो आणि त्या थकव्याची जी लाज वाटते, त्यात चाळीस वर्षांची मैत्री संपून जाऊ शकते. मैत्रीकडून सोबत घ्यावी. उचलण्या-धुण्याचं काम पगारी हातांकडे असावं आणि त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढलेले असावेत.

मग त्या पगारी हातांचा विचार करा. कोण असेल ती? ब्युरोकडून येणारी एखादी ताई, किंवा तिथेच राहणारं एखादं तरुण जोडपं. त्यांना खोली हवी, आठवड्याची सुट्टी हवी, मुलांना शाळा हवी, गावी जायला एसटी हवी. तुमच्या मनातल्या त्या डोंगरउतारावरच्या जागेत हे आहे का? जागा आपण आपल्या डोळ्यांना काय दिसेल यावरून निवडतो. तिथे काम करायला कुणाला राहवेल, हे आधी पाहायला हवं.

आता त्या जागेभोवती मनातल्या मनात एक वर्तुळ काढा. पक्षाघाताच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यात झटका ओळखण्याचा वेळ आला, गाडी मिळण्याचा आला, स्कॅनचा आला. जुलैतल्या पावसात, झाड पडून रस्ता बंद असताना, सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर आहे? ज्यांना त्या जागेचा फार मोह आहे त्यांनी एकदा पावसाळ्यात रात्री तो रस्ता गाडीने करून पाहावा.

जमिनीचंही पाहा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला सहसा शेतकरी असावं लागतं. 1948 च्या कूळ कायद्यातलं हे बंधन आहे. म्हणून गटातल्या ज्या एकाच्या नावावर गावी सातबारा आहे, त्याच्या नावाने जमीन घ्यायची आणि पैसे सगळ्यांनी घालायचे, असा मार्ग सुचवला जातो. तो मित्र देवमाणूस असेल. पण तो गेल्यावर वारस म्हणून नोंद लागते ती त्याच्या मुलांची, आणि त्या मुलांनी तुम्हाला काही वचन दिलेलं नसतं. असं करू नका. बिगरशेती प्लॉट असेल तरच पुढे जा आणि रीतसर सहकारी गृहनिर्माण संस्था करा. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी निदान पाच सभासद पुरतात.

मला विचाराल तर मी डोंगर सोडून देईन. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, सांगलीत, जिथे तुमचे डॉक्टर आणि भाजीवाले आहेत तिथे, एका इमारतीत किंवा एका गल्लीत चार-पाच फ्लॅट घ्यावेत आणि एक जास्तीचा, सगळ्यांचा. त्यात दोन वेळचं जेवण एकत्र, पाहुण्यांना खोली, मदतनीसाला खोली. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने 2024 मध्ये नमुना निकष ठरवले. दारं निदान 900 मिलिमीटर रुंद, म्हणजे चाकाची खुर्ची जाईल, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरायला दांडे. हे निकष घेऊन आधी स्वतःच्या सध्याच्या घरात फिरा. किती दारं अडतात ते कळेल.

पैशांकडे वळू. तुमच्या चेहऱ्यांमध्ये एकाला सरकारी पेन्शन आहे, एकाने खासगी कंपनीत आयुष्य घालवलं आणि त्याच्याकडे फक्त व्याज आहे, एकीची मुलगी परदेशातून पाठवते. सहलीत हा फरक झाकला जातो, कुणीतरी बिल देऊन टाकतं. दरमहा झाकता येत नाही. न्यू ग्राउंडमधली आठ घरं सवलतीच्या भाड्याची आहेत, ज्यांना विकत घेणं शक्य नव्हतं अशा मैत्रिणींसाठी. आपल्या गटात सगळ्यांत कमी पैसे कुणाकडे आहेत हे तुम्हाला माहीत आहे. ते नाव मनात घ्या. त्या माणसाला मान खाली न घालता राहता येईल, एवढाच सगळ्यांचा मासिक खर्च ठरवता येईल का?

आणखी एक चेहरा आहे, जो बहुतेक वेळा या बेतात कडेला बसलेला असतो. बोलणारे असतात कॉलेजचे मित्र. वहिनी सोबत आलेल्या असतात. ‘स्वयंपाकघर एकच’ हे वाक्य म्हटलं जातं तेव्हा तिथे कोण उभं असेल असं धरलेलं असतं? चाळीस वर्षं रांधलेल्या बाईची निवृत्ती कधी? स्वयंपाकाला बाई ठेवणं ही तिथे चैन मानता कामा नये. आणि आकडे काढून बसलेल्या मित्रांनी हेही पाहावं, की आपल्याकडे बायका बहुतेकदा नवऱ्यांच्या मागे उरतात. दहा वर्षांनी त्या अंगणात ज्या बसतील, त्या कदाचित एकमेकींच्या मैत्रिणी नसतीलच. मित्रांच्या बायका असतील. मग त्यांनी हे घर कुणाच्या नात्याने सांभाळायचं? त्यांची आपसातली ओळख आज वाढायला हवी. त्यांना हा बेत मुळात हवा आहे का, हे त्यांना एकेकटीला विचारायला हवं, नवऱ्यासमोर नाही.

इथे पुन्हा थांबा, कारण पुढचं जड आहे.

गटातला जो सगळ्यांत जास्त हसवतो, त्याला विसरायला होऊ लागलं आहे. तो पहाटे तीनला तुमचं दार वाजवतो आणि तुम्हाला दुसऱ्याच नावाने हाक मारतो. पहिल्या रात्री तुम्ही त्याला चहा करून देता. तिसाव्या रात्री? तो तिथेच राहील की नाही, कोणत्या टप्प्यानंतर त्याला वेगळी शुश्रूषा लागेल, आणि तो निर्णय कोण घेईल, हे तो शहाणा आहे तोवर त्याच्याशी बोलून लिहून ठेवा. अर्थात तो तुम्हीही असू शकता. तसं धरूनच मजकूर लिहा; आपोआप दयाळू होतो.

वारसांचंही याच कागदात येऊ दे. तुमच्यामागे तुमचा फ्लॅट मुलगा कुणालाही विकू शकेल, की आधी उरलेल्या मित्रांना विचारेल? संस्थेत नामनिर्देशन केलं म्हणजे काम झालं असं समजू नका. नॉमिनीला मिळतं ते तात्पुरतं सभासदत्व, मालकी ठरते मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने. मृत्युपत्र करा आणि मुलांना आत्ता, तुम्ही धडधाकट असताना, समोर बसवून सांगा. तसाच दुसरा कागद वैद्यकीय इच्छापत्राचा. सर्वोच्च न्यायालयाने त्याला 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. सगळ्या मित्रांनी हे एकाच दिवशी, एकत्र बसून केलं तर भीती पुष्कळ कमी होईल.

आता पुन्हा ते सगळे चेहरे एकत्र आणा. या सगळ्यानंतरही त्यांच्याजवळ राहावंसं वाटतंय का ते पाहा. दोघांची नावं गळली असतील तर गळू द्या. त्यांच्याशी मैत्री तशीच राहील, शेजार नसेल. उरलेल्यांत एक-दोन माणसं तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असतील असं पाहा.

आणि साठीच्या अलीकडे असाल तर याच वर्षी सुरुवात करा. गटातल्या सगळ्यांत अबोल माणसाला पहिला फोन करा. जागेचं, दराचं काही काढू नका. तू एकटा उरलास तर तुला कुणाजवळ राहायला आवडेल, एवढं विचारा, आणि मग वहिनींना फोन द्यायला सांगा.