नर ठरवणारं जनुक बदलतं तेव्हा

तलासरीकडे शेततळ्यात चिलापी सोडायची असेल, तर बीज घेताना पहिला प्रश्न येतो: सगळे नर आहेत ना? मादी अंडी-पिल्लं तोंडात जपते आणि तेवढे दिवस उपाशी राहते. नर वाढत राहतो. शिवाय दोन्ही एकत्र असले की तळं बोटभर पिल्लांनी भरतं आणि विकण्याजोगा मासा एकही होत नाही.

सगळे नर मिळवण्याची एक वाट १९६० साली मलाक्कात हिकलिंग यांना सापडली. मोझांबिकी चिलापीच्या माद्यांना त्यांनी झांझिबारहून आणलेले नर दिले. दोन्हीकडचा मासा एकाच जातीचा, अशी तेव्हाची समजूत. पिल्लं निघाली ती सगळी नर. जोडी उलटी लावली, तर माद्याही निघाल्या. उलगडा पुढे झाला: मोझांबिकीत नराकडे दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असतात, एक्स-वाय, तर झांझिबारच्यात उलट, वेगळी जोडी मादीकडे, झेड-डब्ल्यू. सख्खे शेजारी म्हणावेत अशा दोन जातींत लिंग ठरवायच्या दोन विरुद्ध पद्धती!

तेव्हाच्या विचाराला हे पचणारं नव्हतं. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स यांनी एका भुंगेऱ्याच्या नरात जोडीदाराहून बरंच खुजं गुणसूत्र पाहिलं, आणि लिंगाचा निवाडा तिथे होतो असं दाखवलं. हाच वाय; त्याचा जोडीदार एक्स. तो खुजा का? म्युलर यांनी १९१४ मध्ये सुचवलं की एक्सशी देवाणघेवाण थांबली की वायमध्ये दोष साचत जातात. १९६७ साली सुसुमु ओहनो यांनी त्याची पुरी मांडणी केली: साध्या जोडीपासून सुरुवात, मग एका जोडीदाराची झीज. ज्यांच्या जोड्या अजून सारख्याच दिसतात ते मासे या वाटेच्या पहिल्या पायरीवर. प्राण्यांना असं रांगेत उभं करून सस्तनांना पुढे ठेवायची खोड विज्ञानातून लवकर जात नाही.

खरं तर माशांची साक्ष आधीच नोंदलेली होती. मेडाका या भातखाचरातल्या जपानी माशात लाल रंग बापाकडून मुलाकडे जातो, पण अधूनमधून तो वायवरून एक्सवर उडी मारतो, हे आइदांनी १९२१ मध्येच दाखवलं. यामामोतोंनी १९५३ साली पिल्लांना मादीचं संप्रेरक खाऊ घालून एक्स-वाय माद्या केल्या. त्यांच्या पोटी वाय-वाय मासे जन्मले आणि जगले. एक्सवाचून माणसाचा गर्भ तगत नाही. म्हणजे या वायची झीज मुळी झालेलीच नव्हती.

२००२ साली मेडाकाच्या वायवरचं नर ठरवणारं जनुक हाती आलं. वय सुमारे एक कोटी वर्षं. उत्क्रांतीच्या हिशेबात कालचंच. लुझॉन बेटावरच्या त्याच्या भावंडात ते नाहीच, तिथं ते काम दुसरं जनुक करतं. भारताच्या खाड्यांतल्या डान्सेना या भाऊबंदात तिसरंच. याच कुळातला एक पारदर्शक, जेमतेम इंचभर मासा चिं. वि. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये मुंबई प्रांतातून जगापुढे आणला. सेटना यांचं नाव मिळालेला हा सेटनाय कच्छपासून केरळपर्यंतच्या खाऱ्या-मचूळ पाण्यात राहतो. डहाणूची किनारपट्टी त्या टप्प्यातच येते.

ॲडम विल्किन्स यांनी १९९५ मध्ये म्हटलं होतं की लिंगनिश्चितीची साखळी खालून वर बांधली जाते: तळाची यंत्रणा जुनी आणि टिकाऊ, माथ्यावरची कळ नवी. मला हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत कामाचा विचार वाटतो. गुणसूत्र झिजून संपायच्या आत कळच दुसऱ्या गुणसूत्रावर गेली, तर म्हातारा वाय दिसणार कुठून? ही कळ किती लहान असू शकते, तेही पाहा: जाळ्यात आलेला केंड मच्छीमार फेकून देतात. त्याच्याच कुळातल्या जपानी फुगूत नर आणि मादी यांच्यातला निर्णायक फरक डीएनएच्या एका अक्षराचा आहे, असं २०१२ मध्ये दिसलं.

जिताड्यात तर कळ वयाच्या हाती गेली आहे. तो आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणून गाभोळी मोठ्या जिताड्यात मिळते, आणि खाडीतून फक्त मोठे जिताडे उचलले, तर मागे उरतात ते बहुतेक नरच.