चरणांची झीज

“महाराज, देवाला वज्रलेप कशाला? देव का कुठं झिजतो?” परवा कीर्तन आटोपल्यावर एका माळकरी आजोबांनी हा प्रश्न टाकला. प्रश्न भोळा खरा, पण टाळण्याजोगा नव्हे.

देव झिजत नाही. पण आपल्यासाठी त्याने जे पाषाणाचे रूप घेतले, त्याला पाषाणाचा धर्म सुटत नाही. दगडाला बारीक छिद्रे असतात. अभिषेकाचे दूध, दही, मध त्यांत मुरते. हातांचे तेल आणि घाम वर साचतो. एका हाताने काही होत नाही, लाखो हातांनी होते. म्हणूनच जून २०२० मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी श्रींच्या मूर्तीस रासायनिक लेप दिला. पुढे २०२४ साली गाभाऱ्याच्या कामासाठी मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत चरणस्पर्श बंद राहिला. भिंतींवरची चांदी उतरवली, तेव्हा आतला मूळचा दगड पुन्हा दिसू लागला.

या जतनशास्त्राचे दोन नियम ध्यानी धरण्याजोगे आहेत. जरुरीपेक्षा अधिक काही करू नये. आणि जे करावे ते, होता होईल तो, पुढच्या जाणत्याला मूळ वस्तूस इजा न होता काढता यावे. अहो, ही तर नम्रताच झाली! माझीच भर शेवटची, असे जो म्हणत नाही, तोच खरा सेवक.

कोणी म्हणेल, “पायांवर डोके ठेवल्याखेरीज वारी कसली?” रात्रभर दर्शनबारीत उभ्या राहिलेल्या माउलीची तळमळ खोटी कशी म्हणावी? पण नामदेव पायरी आठवा. संतांची पायधूळ लाभावी म्हणून नामदेवरायांनी ती जागा मागून घेतली, असे आपण मानतो. तरी तिच्यावर पाय ठेवायला आपला जीव धजत नाही. तिथे प्रेमच पाय आवरते. आषाढीच्या गर्दीत कळसाला हात जोडून माघारी फिरणाऱ्याची वारी उणी पडली, असेही कोणी म्हणत नाही.

मग प्रश्न उरतो तो एवढाच, की चरण माझे एकट्याचे की मागून येणाऱ्या दिंडीचेही? आज जे पोर पाळण्यात आहे, ते उद्या गळ्यात वीणा घालून येईल. त्याच्यासाठी चरण शाबूत ठेवणे हीही पूजाच. तेव्हा वारकरी बंधूंनो, हात स्वच्छ करून बारीला लागावे. माथा टेकावा, घासू नये. आणि कधी चरणस्पर्श बंद असला तर रुसू नये.

रामकृष्णहरि.