डावीकडची सीट

आमच्या मोटारीची आसनक्षमता पाच आहे, असं सरकारी कागदात लिहिलेलं आहे. त्या पाचांपैकी एका जागेवर मी बसतो. बाकीच्या चार जागा कशा आहेत, याची मला २०१३ पासून २०२४ पर्यंत, म्हणजे उणीपुरी अकरा वर्षं, काही कल्पना नव्हती. अर्थात मत मात्र होतं. कल्पना नसताना मत असणं हा कुटुंबप्रमुखाचा जन्मसिद्ध हक्कच आहे.

गाडी नवी घेतली त्याच वर्षी बायको म्हणाली होती, "अहो, या सीटमध्ये काहीतरी आहे."

"काय आहे?"

"ते सांगता येत नाही. पण कंबर धरते. डावीकडे ओढल्यासारखं होतं."

मी म्हटलं, "दोन्ही सीटा एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, एकाच माणसाने बसवल्यात. माझी कंबर नाही धरत ती!" हा युक्तिवाद मला त्या वेळी बिनतोड वाटला होता. बायको गप्प बसली. बायको गप्प बसली की आपला मुद्दा तिला पटला, असं समजणारे नवरे जगात पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातलाच.

मात्र तिने तोंडाने बोलणं थांबवलं, तरी उशांनी बोलणं चालू ठेवलं. पहिल्या वर्षी सोफ्यावरची एक छोटी उशी गाडीत आली. मग लाकडी मण्यांचं ते जाळीदार कव्हर आलं, टॅक्सीवाल्यांकडे असतं तसं. त्याने पाठीवर नक्षी उठली, कंबर होती तिथेच राहिली. मग मध्ये भोक असलेली गोल उशी आली. ती मूळव्याधीसाठी असते हे आम्हांला शेजारच्या निवृत्त बँक-मॅनेजरांनी सगळ्या जिन्यासमक्ष सांगितलं, तेव्हा ती परत गेली. शेवटी एक जुना पंचा स्थिरावला. त्याची चौपदरी घडी करून ती सीटच्या एका विशिष्ट कोपऱ्यात खुपसायची आणि मगच पट्टा लावायची. मी तोपर्यंत इंजिन चालू करून, स्टिअरिंगवर बोटं वाजवत, पेट्रोल फुकट जळत असल्याचा चेहरा करून बसलेला असे.

एकदा मी न्याय केला. नाही असं नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी उभी असताना, मी स्वतः डावीकडे जाऊन बसलो. चांगली दोन मिनिटं बसलो. उठून जाहीर केलं, "काहीही नाही. उत्तम सीट आहे." पुलाव शिजायच्या आधी तांदूळ चावून चांगला झालाय म्हणावं, तसला हा प्रकार. पण निकाल लागला, फाईल बंद झाली.

आता थोडा तत्त्वज्ञानाचा भाग. घाबरू नका, मला फारसं येत नाही. आपल्या न्यायशास्त्रात ज्ञान मिळवण्याची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्तवाक्य. विश्वासू माणसाने सांगितलं म्हणून ते खरं मानायचं. चार्वाकाने यातलं फक्त पहिलं ठेवलं. डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं. हे मी एका व्याख्यानात ऐकलं तेव्हा मान डोलावून चार्वाक फारच टोकाला गेला असं माझं मत झालं. आणि घरी आल्यावर? डॉक्टरांनी सांगितलं तुमची साखर वाढलीय, तर मी साखर न बघता विश्वास ठेवतो. मेकॅनिकने सांगितलं क्लचप्लेट गेली, तर क्लचप्लेट कशी असते हे ठाऊक नसताना पैसे देतो. पण तीस वर्षं संसार केलेली बाई सांगते की माझी कंबर दुखते, तिथे मी एकदम चार्वाक! बरं, मराठीत 'आप्त' या शब्दाचा अर्थच मुळी नातेवाईक. भाषेने जे एका शब्दात उरकलं, ते माझ्या डोक्यात शिरायला एक पंचा पुरला नाही.

यात दोष नुसता माझा नाही, थोडा मोटारीचाही आहे. आमच्या गाडीत ड्रायव्हरची सीट वरखाली करायला खटका आहे; शेजारच्या सीटला नाही. अनेक छोट्या गाड्यांची हीच तऱ्हा. ड्रायव्हरने उंच बसावं, रस्ता बघावा. शेजारच्याने जसं देवाने आणि कारखान्याने बसवलं तसं बसावं. पुढल्या टकरीत छातीशी येऊन फुगणारी ती एअरबॅग घ्या. आपल्याकडे ती ड्रायव्हरसमोर सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्यासमोर, नव्या मॉडेलांत, १ एप्रिल २०२१ पासून. म्हणजे मधली पावणेदोन वर्षं सरकारचंही मत माझ्यासारखंच होतं. (आमच्या गाडीत दोन्हीकडे नाही, त्यामुळे त्या बाबतीत आमच्यात संपूर्ण समता आहे.)

पूर्वी असं नव्हतं. माझ्या सासऱ्यांकडे फियाट होती. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या त्या गाडीचं १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी' असं बारसं झालं, पण सासऱ्यांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. तिचं पुढचं आसन म्हणजे एक सलग बाक. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे मध्ये अडसर नाही. पुढे तीन माणसं आणि मांडीवर एक पोर ही सर्वमान्य व्यवस्था. त्या बाकाचं वैशिष्ट्य असं, की स्प्रिंग बसली तर सगळ्यांची बसे. सासरे गचकले की सासूबाई गचकत. सासऱ्यांनी बाक पुढे ओढला की सगळ्यांचे गुडघे एकदम डॅशबोर्डला लागत. एकाचं सुख आणि दुसऱ्याचं दुःख वेगळं काढायची सोयच नव्हती. मग १९८३च्या डिसेंबरात मारुती आली, मध्यमवर्गाच्या घरी वेगवेगळ्या सीटा आल्या, आणि नवरा-बायकोच्या मध्ये हँडब्रेक आला. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली तेव्हा लोक हळहळले. मला त्या बाकाची आठवण झाली. अर्थात त्या बाकावर पाठ आजच्यापेक्षा जास्तच दुखायची. पण सर्वांची दुखायची.

असो. २०२४ साली माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं नंतर करू म्हणाले. काही आठवडे गाडी चालवायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. नेमकं त्यात कोल्हापूरला भाच्याचं लग्न. गाडी मुलीने घेतली. बायको म्हणाली, "मी मागे बसते, तुम्ही पुढे बसा, बोलायला बरं." मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

कात्रजपर्यंत मी मजेत होतो. खेड-शिवापूरला मुलीला गिअर कधी बदलायचा याचं मार्गदर्शन करत होतो. शिरवळ आलं आणि माझ्या डाव्या कुल्ल्याखाली कोणीतरी हळूहळू जमीन काढून घेत आहे, असं वाटू लागलं. आधी वाटलं, खिशातलं पाकीट. पाकीट काढलं. मग वाटलं, पट्टा आवळलाय. पट्टा सैल केला. खंबाटकीच्या वळणांवर तर फारच गंमत. ड्रायव्हरला वळण आधी कळतं, त्याच्या हातात धरायला चाक असतं, पायाखाली ब्रेक असतो. शेजारच्याच्या हातात पर्स असते किंवा देवाचं नाव. वळण त्याला वळल्यावर कळतं. मी उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होतो आणि दर दाबण्याला कमरेतून कळ येत होती. वर त्या डोकं टेकायच्या उशीची तऱ्हा. मागून धडक बसली तर मान मोडू नये म्हणून ती जरा पुढे झुकवलेली असते, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या टकलाला ती लागते तर अंबाडा घातलेल्या बाईची मान ती कुठे नेत असेल, हा विचार माझ्या आयुष्यात प्रथमच खंबाटकी घाटात माझ्या मनात आला. लग्नाकार्याला जाताना ही अंबाडा घालते, त्यावर गजरा घालते आणि सबंध प्रवासात मान खाली घालून बसते. मी तिला विनयशील समजत होतो.

सुरूरच्या आसपास मी म्हटलं, "चहा घेऊ या का?"

"बाबा, आत्ताच तर घेतला."

मी पुन्हा उजवीकडे सरकलो, पुन्हा डावीकडे घसरलो. तेवढ्यात मागून खांद्यावरून काहीतरी आलं. पंचा होता. चौपदरी.

"डाव्या बाजूला ठेवा," मागून आवाज आला. "घडीची जाड बाजू दाराकडे. आणि अगदी मागे नको, चार बोटं पुढे."

ठेवला. आणि काय सांगू, शंभर टक्के नाही, पण बारा आणे तरी आराम पडला. त्या चार बोटांच्या हिशेबात अकरा वर्षांचं संशोधन होतं. मी मागे वळून बघितलं तर ती पाय पसरून, खिडकीला डोकं टेकून झोपायच्या तयारीत होती. पुढचा सबंध प्रवास ती झोपली. तिला मोटारीत झोपलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, तिला रस्ता बघायला आवडतं.

'परदुःख शीतळ' ही म्हण मला शाळेपासून माहीत आहे. परीक्षेत तिच्यावर मार्कसुद्धा मिळवलेत. पण साताऱ्यापुढे मला जी टोचत होती ती गोष्ट वेगळी. मी आता तिच्यावर विश्वास ठेवला होता, तो तिच्यावर होता का? तो माझ्या स्वतःच्या कुल्ल्यावर होता. सहानुभूती म्हणून जे आपण मिरवतो, ते पुष्कळदा आपल्याच दुःखावर दुसऱ्याचं नाव घातलेलं असतं. मला जर मोतीबिंदू झाला नसता तर? किंवा माझी कमरेची ठेवण अशी असती की मला ती सीट टोचलीच नसती तर? तर तिची कंबर खोटी ठरली असती, आणि ती पुढेही पंच्यावर बसली असती. याचं उत्तर मला कराडपर्यंत सापडलं नाही, आणि कराडला चहा सापडल्यावर मी ते शोधायचं सोडलं.

मला आठवली ती कैकेयी. दशरथ रथात बसून लढतोय, चाकाची खीळ निखळते, आणि शेजारची कैकेयी तिथे आपलं बोट घालून बसते, ही गोष्ट आपल्याला आजीने सांगितलेली असते. दशरथाला ते कळलं युद्ध संपल्यावर. मग त्याने खूश होऊन दोन वर दिले, आणि पुढे त्या दोन वरांचं काय झालं ते आपण जाणतोच. राजाने लढता लढता एकदा डावीकडे बघून "दुखतंय का गं?" विचारलं असतं, तर ते पुष्कळ स्वस्तात पडलं असतं. माझ्या हिशेबाने मी अकरा वर्षांत किती वर देणं लागतो, हे मोजायला मी धजलो नाही.

पुण्याला परतल्यावर मी एकदम कार्यतत्पर झालो. शेजारचे बँक-मॅनेजर म्हणाले, सीटच बदला, भंगारातून मोठ्या गाडीची मिळते, मस्त बसवून देतात. आणखी एकजण म्हणाले, ती मानेची उशी उलटी फिरवून लावा, आमच्या हिने तसंच केलंय. (असं कृपा करून करू नका, ती ज्यासाठी आहे तेच काम मग होत नाही.) पण सीट म्हणजे सोफा नव्हे. पट्ट्याचं खोबणं तिला जोडलेलं असतं, धडकेत तिने जागा सोडता कामा नये, आणि हल्लीच्या काही गाड्यांत तर सीटच्या कडेलाच एअरबॅग शिवलेली असते. म्हणून आधी ही सीट उघडून तरी बघावी, म्हणून आम्ही दोघं नाना पेठेत एका सीटवाल्याकडे गेलो.

म्हातारा कारागीर होता. त्याने सीटवर बसून पाहिलं नाही. नुसता तळवा दाबत दाबत मागून पुढे नेला, डाव्या बाजूला थांबला आणि "हं" म्हणाला. मग चार बोल्ट काढले, सीट उचलून बाकड्यावर उलटी टाकली. खाली नागमोडी तारेच्या स्प्रिंगा असतात, त्यांतल्या डावीकडच्या एकीचा आकडा तुटून लोंबत होता. तारेने वरचा फोमही कुरतडला होता. सगळा रोग वीतभर तारेत.

"कधीपासून आहे हे?" त्याने विचारलं.

"झाले असतील तीन-चार महिने," मी म्हटलं.

का म्हटलं, देव जाणे. तोंडातून गेलं. म्हाताऱ्याने तुटलेलं टोक अंगठ्याने घासलं. अंगठा तांबडा झाला.

"साहेब, हा गंज चार महिन्यांचा नाही."

मी रस्त्यावरच्या रिक्षा बघू लागलो. बायको माझ्या शेजारीच उभी होती. आता ती तारीख-वार सांगणार, असं समजून मी मनाची तयारी केली.

ती म्हणाली, "यांना कसं माहीत असणार? हे दुसऱ्या बाजूला बसतात."

यात मला वाचवलं होतं की बुडवलं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तासाभरात काम झालं. नवी स्प्रिंग, फोमचा तुकडा आणि मजुरी मिळून साडेसहाशे रुपये. मी सवयीने "सहाशे घ्या की" म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिने पर्स उघडून साडेसहाशे रुपये म्हाताऱ्याच्या हातात ठेवले होते. सुटे होते. आधीच मोजून आणले असावेत.

परत येताना ती डावीकडे बसली. मी तिला तीनदा विचारलं, "आता कसं वाटतंय?" तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बरं आहे हो, समोर बघून चालवा."

घरी आल्यावर तिने पंचा धुतला, वाळत घातला. संध्याकाळी त्याची पुन्हा चौपदरी घडी करून ती तो गाडीत ठेवायला निघाली, तेव्हा मला राहवलं नाही.

"अगं, आता कशाला तो? सीट दुरुस्त झाली ना?"

"माझ्यासाठी नाही," ती चप्पल घालत म्हणाली. "तुमचा डावा डोळा राहिलाय अजून."