औषध लपवून द्यावे काय?
स्किझोफ्रेनियाने पीडित लेकरू गोळी घेत नाही, म्हणून सोलापूरकडील आईबाप कधीकधी ती आमटीत कालवितात. त्यांची माया आम्ही जाणतो. परंतु ह्या विकारात, कोणी आपणांस विष घालितो, असा संशय पुष्कळांस येतो. लपविलेली गोळी सापडताच तो खरा ठरतो. मग लेकरू औषध टाकिते व भाकरीही टाकिते.

१९५२ पासून प्रचारात आलेली ही औषधे भ्रम शमवितात; तथापि सुस्ती आणितात, वजन वाढवितात, आणि मुलांस हा त्रास मोठ्यांहून अधिक होतो. औषध घेतो हेच ज्यास ठाऊक नाही, तो त्रास कोणास सांगेल?

२०१७ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाचा निर्णय पालकांकडे ठेविला. पण अधिकार म्हणजे फसविण्याची मोकळीक नव्हे. तर बंधुभगिनींनो, प्रार्थना करा, डॉक्टरांस विचारा, व गोळी उघड द्या. भाकरी देणाऱ्या हातावर लेकराचा भरवसा टिकला पाहिजे.