आश्रिताचा त्याग

महाप्रस्थानाच्या अंती धर्मराजाने स्वर्ग नाकारला. सोबत आलेल्या श्वानास टाकले नाही. आम्ही मात्र पाळलेल्या कुत्र्यास उष्टे अन्न घालतो, रात्री गावभर मोकळे सोडतो आणि त्यास भूतदया म्हणतो! अणशीचे अरण्य २००७ पासून व्याघ्रप्रकल्पात आहे. येथे सुटलेले कुत्रे हरणांमागे धावते, बिबट्यास दारापर्यंत आणते, शेजाऱ्याच्या मुलास चावते. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाने २०१८ साली गीरचे सिंहही दगावले. यात दोष मुक्या जीवाचा नव्हे. त्यास आपले म्हणून जबाबदारी झटकणाऱ्या धन्याचा आहे. त्यास लस टोचावी, रात्री आवारात बांधावे. मोकळे सोडणे ही दया नव्हे, तो आश्रिताचा त्यागच होय. धर्मराजाने जे स्वर्गासाठीही केले नाही, ते आम्ही केवळ आळसापायी नित्य करावे काय?