नेट कधी जातं?

माढ्यात सकाळी माढेश्वरीच्या दर्शनाला निघालेली मंडळी रस्त्यावर दिसू लागतात, त्या वेळी घरातलं नेट छान पळत असतं. रात्री नऊला त्याच घरात, त्याच वायरवर, व्हिडिओ अडखळतो. मग केबलवाल्याला फोन जातो, "नेट चालत नाही." लाइनमन येतो, राउटर बंद करून चालू करतो, तेवढ्यापुरतं नेट येतं आणि तो पुढच्या घरी जातो. दोष त्याचा नाही. त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं.

बिघाडाला पहिला प्रश्न विचारायचा तो 'कधी?' हा. वेळ नीट पाहिली की जागा बहुतेक वेळा सापडते.

रोज रात्री ठरल्या वेळी नेट मंदावत असेल, तर तुमची वायर बहुधा चांगली आहे. तांब्याच्या केबलवरचं इंटरनेट सगळ्या गल्लीत वाटून येतं. घरोघरी मालिका आणि क्रिकेट सुरू झालं की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. ऑपरेटरनं क्षमता वाढवल्याशिवाय हे सुटत नाही, तेव्हा नव्या राउटरवर पैसे घालू नका. फक्त मागच्या खोलीतच रडत असेल, तर मोडेमला लॅपटॉप थेट वायरनं जोडून बघा. वायरीवर नेट चांगलं असेल, तर अडथळा भिंतींचा आहे.

भर दुपारी जातं आणि उन्हं कलल्यावर परत येतं? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. बंद कपाटात कोंडलेला मोडेम तापतो, गच्चीवरचा सैल जोड आणखी सैल होतो.

वळवाच्या पावसानंतर बिघडतं आणि ऊन पडल्यावर सुधारतं, तेव्हा जोडात पाणी शिरलेलं असतं. असा जोड एकदा उघडून बघावा. वर काळी चिकटपट्टी, उन्हानं चुरा झालेली. आत मधली तांब्याची तार हिरवट पडलेली, भोवतालची बारीक तारांची जाळी काळवंडलेली. कधी त्या जाळीचा केसाएवढा धागा मधल्या तारेला टेकलेला असतो आणि तेवढ्यानं सिग्नल मरतो. इथं पुन्हा पट्टी गुंडाळून भागत नाही. खराब वायर कापून नवा कनेक्टर दाबून बसवावा लागतो. वायर घरात शिरते तिथं तिला खाली झोळ द्यावा लागतो, म्हणजे पाणी आत न ओघळता झोळावरूनच गळून जातं.

वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही नेट जात असेल, तर वाटेत सिग्नल वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरला बॅकअप नाही. ऊसतोडीच्या हंगामात सगळ्या गल्लीचं एकदमच गेलं, तर आधी रस्त्यावर नजर टाका. उसानं उंच भरलेली ट्रॉली लोंबती वायर ओढून नेते. अशा वेळी घरातली यंत्रं उघडण्यात अर्थ नाही.

आता बऱ्याच घरांत फायबर आलंय. काचेच्या तंतूला गंज चढत नाही. पण त्याला आवळून वळवलेलं सोसत नाही, खिळ्याला गुंडाळला की आतला प्रकाश निसटतो. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला म्हणजे प्रकाश तुमच्यापर्यंत पोचतच नाही. तक्रारीत एवढं सांगितलंत तरी लाइनमनचं निम्मं काम होतं.

तक्रार तोंडी सोडू नका, तिचा क्रमांक मागून घ्या. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २०१२च्या नियमांनुसार तो मिळायला हवा. तक्रार करूनही समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. गतीची तक्रार असेल, तर हेही लक्षात ठेवा: २०२३ साली सरकारनं ब्रॉडबँडची किमान गती ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशी भरणाऱ्या पोरीला आणि डाळिंबाचा भाव बघणाऱ्या शेतकऱ्याला हे माहीत असलंच पाहिजे.

तेव्हा आजपासून भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाच्या हिशेबाशेजारी, नेट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहीत जा. आठवडाभरानं लाइनमन आला की राउटर दाखवण्याआधी त्याला ते पान दाखवा.