शेवटच्या कडव्यातलं नाव

भाऊबीज आटोपली की भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावचे मेळे, सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची, म्हणजे सोयऱ्यांना दोन्हीकडे जाता येतं. दिवसा दंडार नाहीतर खडी गंमत, रात्री तिकिटाचं नाटक. दोन शाहिरांच्या पार्ट्या समोरासमोर असल्या की ती 'दुय्यम', आणि गर्दी तिथेच. एक कलगीवाला, दुसरा तुरेवाला. माया मोठी की ब्रह्म मोठं, यावर सवाल पडतो आणि जवाब उभ्या उभ्या रचावा लागतो. मध्येच कुणी दहाची नोट पुढे करतो. ढोलकीवर थाप पडते, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं.

हा शाहीर स्वतः रचतो, चाल बांधतो, गातो. युरोपात अशांच्या उमेदवारीचीही नोंद राहते. बल्गेरियाच्या वार्ना शहरात १९९७ साली जन्मलेली गायिका व्हिक्टोरिया गेओर्गिएवा २०१५ मध्ये 'एक्स फॅक्टर' या टीव्हीवरच्या स्पर्धेतून पुढे आली, २०२१ मध्ये रॉटरडॅमच्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत अकरावी आली. पंचविशीच्या आतच तिचं आयुष्य सालवार मांडलेलं. इकडे लाखांदूर-पवनीकडचा पोरगा शाहिरामागे झिलकरी म्हणून उभा राहतो, टुणटुणं धरतो, ध्रुपद उचलतो. पुढे कधीतरी तोच पुढे येतो. कोणत्या साली, ते कोण लिहिणार?

तरी एक नोंद तो स्वतःच करून ठेवतो, शेवटच्या कडव्यात. आधी गुरूचं नाव, मग गावाचं, मग आपलं. मनात आलं तर ढोलकीवाल्याचंही. काहींना हे मिरवणं वाटतं. मला तो त्या गाण्याचा सातबारा वाटतो. तुकडोजी महाराजांच्या भजनांत 'तुकड्या' असाच येतो आणि वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत 'वामन'. वामनदादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, अक्षरं शिकले ती मोठेपणी, मुंबईत शिवडीच्या चाळीत. १९४३ मध्ये पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. मग गावोगाव गात फिरले. वही हरवली तरी गाण्यातलं नाव हरवत नाही.

हरवतं ते गाणं छाटलं की. ध्वनिमुद्रिकेत वेळ अपुरा पडला की शेवटच्या कडव्यावरच कात्री चालवणं सोपं. मोबाईलवर मंडई टिपणाराही रंगाचा तुकडा घेतो नि थांबतो. मग त्याखाली 'पारंपरिक' असं लिहिलं जातं, आणि आपण लोककला अनामिक असते म्हणून कौतुक करायला मोकळे. जात्यावरच्या ओव्यांचं वेगळं. त्या अनेकींच्या हातून घडत आल्या, तिथे एकीचं नाव शोधणं व्यर्थ. पण शाहिरी गाण्यामागे बहुधा एक माणूस असतो, आणि त्याने आपलं नाव सांगितलेलं असतं.

पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना राज्य शासनाचं मानधन मिळू शकतं. त्यासाठी कलेतल्या वर्षांचे पुरावे लागतात. पुरावे म्हणजे कागद: प्रमाणपत्रं, कात्रणं, पत्रिका. मंडईची पत्रिका कोण जपून ठेवतं? अर्ज तपासणाऱ्यांनी शाहिराला समोर उभं करून त्याची जुनी गाणी ऐकावीत, मात्र पुरती. गुरू कोण, गाव कोणतं, रचणारा कोण, हे सारं त्यात सापडेल.